गाडीतलं बोलणं

उन्हाळ्याच्या सुट्टीत कुत्रा, मांजर घेऊन नवराबायको कॅम्परव्हॅनमधून भटकायला निघाले होते. तळ्याकाठच्या मुक्कामावर बायको नळावर पाणी भरत होती, तेव्हा शेजारच्या गाडीतली अनोळखी बाई आली आणि कुत्र्याला नावाने हाक मारून कुरवाळू लागली. हळूच म्हणाली, "भावाचा हात सुटला त्यात तुमचा काय दोष, ताई? सात वर्षांच्या तर होतात." बायकोची बादली भरून वाहू लागली. बुडत्या भावाचा हात आपणच सोडला, हे तिने आईलाही सांगितलं नव्हतं. परवा गाडीत फक्त नवऱ्याजवळ मन मोकळं केलं होतं. तिने त्याला जाब विचारला. "डॅशबोर्डवरचा फोन चालूच होता. व्हिडिओ टाकला. दोन लाख लोकांनी बघितला गं," तो खुशीत म्हणाला. तिने मांजरीची टोपली उचलली, कुत्र्याचा पट्टा धरला आणि त्या बाईलाच विचारलं, "तुमच्या गाडीत जागा आहे?"