तिसऱ्या बाहीची लेस

होणाऱ्या नातवाच्या बाप्तिस्म्याच्या झग्यासाठी ब्रुजच्या गोडलीव्हबाई उशीवर टाचण्या रोवून लेस विणत होत्या. दोन बाह्यांच्या दोन पट्ट्या झाल्या, तरी हात थांबेनात. तिसरीही झाली.

"जुळं आहे वाटतं, आई?" पोटुशी लुटगार्ट हसली.

"मग चार झाल्या असत्या, बये."

बाप्तिस्म्याची लेस उसवणं अशुभ. बाईंनी ती पट्टी झग्याच्या छातीवरच टाचली आणि बाळ धडधाकट निघावं म्हणून देवळात मेणबत्ती लावली.

बाळ जन्मलं. हात दोनच. बाईंनी पायही मोजून घेतले.

बाप्तिस्म्याला डोक्यावर पाणी पडताच बाळानं टाहो फोडला. बाईंनी त्याचे दोन्ही हात आपल्या मुठीत घट्ट धरले.

"अय्या, पकड बघा केवढी!" बाळाला घेऊन उभी असलेली धर्ममाता कौतुकानं म्हणाली. "सोड रे लबाडा, माझं बोट सोड."