मॅनेजरना विचारून

रमेश मयेकरांनी खिशातलं पेन काढलं आणि ‘हँडलिंग चार्जेस, अठरा हजार’ या ओळीखाली रेघ ओढली.

“हे कशाचे?”

समोरच्या जेनिफरने शोरूमचं नेहमीचं उत्तर दिलं. गोदामातून गाडी इथवर आणायची, धुवायची, तयार करायची, त्याचे.

“म्हणजे दुकान तुमचं, माल तुमचा आणि हमाली आम्ही द्यायची.” आवाज त्यांनी चढवला नाही. चौतीस वर्षं एका औषध कंपनीची खरेदी त्यांनी याच आवाजात केली होती.

शेजारी मुलगा विघ्नेश बसला होता. गाडी त्याची. भारीतली. कंपनीमार्फत चार वर्षांच्या लीजवर मिळणार होती आणि दरमहा भाडं पगारातून कापलं जाणार होतं. त्याने फोनवरच सगळं कबूल करून टाकलं होतं. पण सकाळी आई म्हणाली, बाबांना घेऊन जा. निवृत्त झाल्यापासून त्यांना कुणी साधा पंखा आणायलाही विचारलं नव्हतं, आणि गेल्या सहा महिन्यांत तर ते दोनदा फुलपाड्यातल्या आपल्याच गल्लीत वाट चुकले होते.

मॅनेजरना विचारून सांगते, म्हणून जेनिफर काचेच्या दाराआड गेली. परत आली तेव्हा अठरा हजार गेले होते. मग मयेकर उठले, गाडीपाशी गेले, दाराच्या कडेचं लेबल वाचून आले. गाडी डिसेंबरात बनलेली. पाच महिने पडून राहिलेल्या मालावर सूट किती, त्यांनी विचारलं. तिने आकडा सांगितला. ते बोललेच नाहीत, नुसते तिच्याकडे बघत राहिले. ती पुन्हा आत गेली आणि सूट दुप्पट करून आली. महिन्याचं भाडं दोन हजारांनी उतरलं. मयेकरांनी हात पुढे केला, तिने हसून मिळवला. लहानपणी नुसतेच ऐकलेले बाबा विघ्नेशला आज पहिल्यांदा दिसले.

नवा कागद छापून आला. चहा आला. मयेकरांनी चहा संपवला, कप बाजूला ठेवला, गाडीकडे जरा वेळ बघितलं आणि पेन काढलं.

“या गाडीला हँडलिंग चार्जेस किती लावलेत तुम्ही?”

विघ्नेश पुढे झुकला. “बाबा, ते तर...”

जेनिफरने त्याच्याकडे बघून मान किंचित हलवली. नवा कागद तिने फाइलखाली सरकवला आणि खणातून जुन्या भावाची दुसरी प्रत काढून मयेकरांपुढे ठेवली.

“अठरा हजार, सर.”

मग सगळं पुन्हा झालं. हमाली, लेबल, डिसेंबर, ती गप्प नजर. दर वेळी ती मॅनेजरना विचारायला आत गेली आणि पहिल्याइतकाच वेळ लावून आली. विघ्नेश फरशीकडे बघत बसला. मान वर करायचं धाडस त्याला झालं नाही. शेवटी मयेकरांनी हात पुढे केला. या खेपेला तिने तो दोन्ही हातांत घेतला.

फाइलखालचा कागद काढून विघ्नेशने सह्या केल्या.

बाहेर सर्व्हिस रोडवर बापलेक रिक्षाची वाट बघत उभे राहिले. हायवेवरून ट्रक जात होते.

“दुसऱ्या खेपेला ती मॅनेजरकडे गेलीच नाही,” मयेकर म्हणाले. “पाण्याच्या कूलरपाशी घड्याळ बघत उभी होती. काचेतून दिसत होती.”

विघ्नेशने त्यांच्याकडे बघितलं. ते रस्त्याकडे बघत होते.

रिक्षा थांबली. आत बसताना त्यांनी त्याच्या खांद्याचा आधार घेतला.

“आईला सांगशील ना,” ते म्हणाले, “तेव्हा पहिल्या खेपेचंच सांग.”