दोराचं टोक

"त्या दोरावर आम्ही दोघंच होतो. दोर तुटला आणि यशवंता बर्फाच्या भेगेत गेला," माजी सैनिकांच्या मेळाव्यात सुभेदार खोपडे दरवर्षीसारखं सांगत होते. पहिल्या रांगेत यशवंताची बायको सरूबाई डोळ्यांना पदर लावून ऐकत होती.

मग रिवाजाप्रमाणे नवा माणूस ओळख द्यायला उठला. आधी नंबर, मग हुद्दा, मग नाव: नाईक शेलार. "बर्फात अडकलेले जवान काढायचं काम आमच्या तुकडीचं," भिंतीवरच्या यशवंताच्या फोटोकडे बघत तो म्हणाला. "ह्यांना मीच वर काढलं. कमरेला दोर तसाच होता."

खोपड्यांनी हातातला चहा न पिताच खुर्चीखाली ठेवला.

"तुटलेला दोर केरसुणीसारखा पिंजारतो," शेलार सावकाश बोलत होता. "ह्यांच्या दोराचं टोक सुरीनं कापल्यासारखं साफ होतं. जोडीला कोण होतं, ते मला आजवर माहीत नव्हतं." तो खोपड्यांकडे वळला. "साहेब, त्या दोरावर तिसरं कुणी होतं का?"

तीस वर्षं ऐकून ती हकिकत सरूबाईला तोंडपाठ होती. तिनं पदर खाली घेतला.

"नाही," ती म्हणाली. "दोघंच होते."