सासऱ्यांच्या साठ गाड्या

कोळशाचे सहा ट्रक घाटातल्या एकाच वळणावर अडकून पडले होते आणि मागून सातवा येत होता. जावई कानाला हेडफोन लावून रस्ता रुंद करण्यात गुंतला होता, त्यामुळे सासरे मागे येऊन कधी उभे राहिले ते त्याला कळलंच नाही.

कळलं तेव्हा भर दुपार होती, अंगावर रात्रीचाच पायजमा होता आणि कॉम्प्युटरवर हिरव्यागार डोंगरांतून बोटभर ट्रक पळत होते. पंचेचाळिशीच्या माणसाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायला एवढं पुरतं.

तो घाईघाईने खेळ बंद करायला गेला, तर सासरे म्हणाले, राहू द्या. कमरेवर हात ठेवून त्यांनी जरा वेळ पाहिलं.

"गाड्या अर्ध्या भरून का सोडता, जावईबापू? पुऱ्या भरल्याशिवाय हलू देऊ नका. वळण आपोआप मोकळं होईल."

एवढं बोलून ते आपल्या खोलीत गेले. जावयाने तसं करून पाहिलं आणि वळण खरोखरच मोकळं झालं. त्याला आनंद व्हायला हवा होता, पण उलट जास्तच लाज वाटली. साठ गाड्यांच्या मालकाने आपल्या पोरखेळासाठी अक्कल खर्च करावी, याहून वाईट ते काय?

सासऱ्यांना सगळं गणगोत 'शेठ' म्हणे. दुसऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून त्यांनी सुरुवात केली, मग स्वतःचा एक ट्रक घेतला, मग चार घेतले. यंदा साठ झाल्याचं त्यांनी स्वतःच लेकीला फोनवर सांगितलं होतं. आता दातांच्या कामासाठी ते लेकीकडे मुक्कामाला आले होते, पण तिथेही त्यांना स्वस्थता नव्हती. सकाळचा चहा झाला की लॅपटॉप घेऊन, दार लोटून बसायचे. 'गाड्या बघतो' म्हणायचे. जेवताना सांगायचे की कोळशात आता राम राहिला नाही, पोलाद धरायला हवं. एवढा कारभार, पण फोन म्हणून कधी वाजत नसे. बाबांची शिस्तच तशी आहे, असं लेक कौतुकाने सांगायची.

आणि त्यांचा जावई? कुरियर कंपनीच्या गोदामात माल रवाना करायचं काम त्याने इमानाने केलं होतं. गोदामच बंद पडलं. बायको औषधांच्या दुकानात उभी राहून घर चालवत होती आणि हा घरात बसून अर्ज करत होता. निदान तिची तशी समजूत होती. अर्ज सकाळी अर्ध्या तासात उरकायचे. मग उरलेला दिवस तो खेळात रेल्वेमार्ग टाकायचा, बंदरं बांधायचा, गावंच्या गावं जोडायचा. तिथे तो बडी असामी होता.

गेल्या आठवड्यात एक मुलाखत आली होती, घरबसल्या, कॉम्प्युटरवरच. शर्ट घालून तो वेळेआधी बसला आणि तेवढ्यात पाच मिनिटं म्हणून त्याने खेळ उघडला. एका पुलावर दोन मालगाड्या समोरासमोर आल्या होत्या. त्या सोडवून घड्याळ पाहिलं तोवर मुलाखतीची वेळ केव्हाच टळून गेली होती. बायकोला त्याने सांगितलं, कळवतो म्हणाले. ती बिचारी त्यानंतर रोज विचारत होती, कळवलं का?

काल मात्र तिने तो विषय काढला नाही. भांडी पुसता पुसता म्हणाली, "बाबांना विचार ना. साठ गाड्या आहेत त्यांच्याकडे, तुझ्यासाठी एक खुर्ची नसेल?"

"म्हणजे घरजावई व्हायचं तेवढं राहिलंय."

ती भांडी पुसत राहिली. ती भांडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. रात्रभर त्याच्या डोळ्याला डोळा लागला नाही.

आज ती कामावर गेल्यावर त्याने दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि सासऱ्यांचं दार वाजवलं. आतून लॅपटॉप मिटल्याचा आवाज आला.

"या ना. बसा."

तो बसला नाही. उभ्यानेच त्याने सगळं सांगून टाकलं. नोकरीचं, अर्जांचं, आणि बायकोलाही न सांगितलेलं ते मुलाखतीचं. सांगताना त्याची नजर फरशीवरून हलली नाही. लाज एकदा गिळायचीच तर घास मोठा घ्यावा, असं त्याने ठरवूनच टाकलं होतं.

"तुमच्या ऑफिसात मला काही काम द्याल का, बाबा? गाड्या सोडेन, हिशेब बघेन, पडेल ते करेन. लेकीचा नवरा म्हणून नको. नोकर म्हणून ठेवा."

सासऱ्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत लावला. नाही कसं म्हणावं याचे शब्द ते शोधत असावेत, असं वाटून जावयाचे कान तापले.

"पोरीजवळ बोलणार नाही ना?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

जावयाने मान हलवली. लेकीला कळू न देता आपल्याला कामावर घ्यायचं त्यांच्या मनात आहे, एवढंच त्याला समजलं आणि त्याच्या जिवात जीव आला.

सासऱ्यांनी उठून दार नीट लावलं. लॅपटॉप उघडून जावयाच्या बाजूला वळवला. पडद्यावर तेच हिरवेगार डोंगर होते आणि त्यांतून बोटभर ट्रक पळत होते.

"मोजून घ्या," सासरे खाली बघत म्हणाले, "साठच आहेत."