सोफा की झोपाळा

शिरढोणचं ऐसपैस घर विकून नवरा-बायको पनवेलच्या छोट्या फ्लॅटात आले. हॉलमध्ये एकच मावणार होतं, दयारामचा सोफा किंवा गुणाबाईचा झोपाळा.

"झोपाळा हालवायला तरी जागा हाय का?" दयाराम तो छताला टांगता टांगता कुरकुरला.

"दार उगडं ठेवा, मंग बगा!" गुणाबाईनं पदर खोचून झोपाळ्यावर बसून रेटा दिला. मागे गेली ती स्वयंपाकघरात, पुढे आली ती दाराबाहेर. पाय थेट समोरच्या विनिताताईंच्या दारावर धाडकन!

विनिताताईंनी दार उघडलं, तर कोणीच नाही. तेवढ्यात गुणाबाई पुन्हा आली, "नवीन शेजारीण हाय मी!" म्हणाली आणि गेली.

तिसऱ्या झोक्याला विनिताताई चहाच्या कपासकट तिच्या शेजारी बसूनच आत आल्या.

दयाराम ओरडला, "सोफा गेला भंगारात! सरका जरा, मला बसू द्या!"