खोबऱ्याचा तुकडा

टोचन लावून आणलेल्या गाडीमागून सामंत गॅरेजात शिरला. आईच्या दिवसांत केलेलं मुंडण अजून ताजं होतं. भिकाजी मेस्त्रीने हातातला पाना खाली ठेवला.

"दर वेळी एक दुरुस्त करतोस आणि दुसरं बिघडवून पाठवतोस. वर सांगतोस, उंदीर वायरी खातात. आईच्या छातीत कळ आली तेव्हा ही चालूच झाली नाही. रिक्षा मिळेपर्यंत ती गेली. आता सगळ्यांसमोर उघड बॉनेट आणि दाखव तुझा उंदीर."

रस्त्यावर माणसं थांबली होती. मेस्त्रीने बॉनेट उघडलं. वायर कुरतडलेली होतीच. आजवर उंदरांनी मागे काही ठेवलं नव्हतं, पण या खेपेला बॅटरीच्या बेचक्यात खोबऱ्याचा एक तुकडा उरला होता. त्याला कुंकू लागलेलं होतं आणि कडेला दात उमटले होते.

पहिल्या दुरुस्तीनंतर गाडी न्यायला सामंतची म्हातारी आईही आली होती. "बाबा, हिचा जीव कुठं असतो रे? ही दुरुस्त होऊन घरी आली, की दर वेळी नारळ वाढवीन, नैवेद्य तिथंच ठेवीन म्हणते. माझा लेक सुखरूप फिरू दे." मेस्त्रीने हसत बॅटरीकडे बोट दाखवलं होतं, आणि नंतर विसरूनही गेला होता.

त्याने तुकडा मुठीत घेतला.

"काय सापडलं?" सामंत ओरडला.

"काही नाही. चूक माझीच आहे."

सामंतचा हात उठला. मार खातानाही मेस्त्रीने मूठ उघडली नाही.