शेक

बाजेखाली निखारे फुलले होते आणि समोर टीव्ही चालू होता. दावोन बांबूच्या बाजेवर टीव्हीकडे तोंड करून कुशीवर पडली होती. बाळंत होऊन तिला आज सात दिवस झाले होते. तिच्या बाजूला सुपात मुलगी झोपलेली होती. तिचं खरं नाव अजून ठेवायचं होतं. वाईटाचं लक्ष जाऊ नये म्हणून घरात तिला सगळे बेडकी म्हणत.

दुपारची मालिका लागली होती. मालिका नदीपलीकडच्या देशातली, पण इकडच्या काठावर सगळी गावं तीच बघत. श्रीमंताच्या घरात दोन बायका एका बाळावरून भांडत होत्या.

"त्या लाल ओठवालीचं नाहीच ते बाळ," सोमलितची सासू, म्हणजे दावोनची आई, म्हणाली. "तिने पोटाला उशी बांधली होती. मागच्या आठवड्यात दाखवलं."

"आई, तुम्ही असं सांगताय जणू सुईण तुम्हीच होता," सोमलित म्हणाला.

"मी असते तर त्या उशीलासुद्धा नऊ दिवस शेकावर झोपवलं असतं."

दावोन हसली नाही. एरवी आईच्या असल्या बोलण्यावर तीच आधी हसायची.

सोमलित बाजेपाशी उकिडवा बसून निखाऱ्यांना वारा घालत होता. लाकूड नवऱ्याने आणायचं आणि शेकही नवऱ्यानेच राखायचा. पहिलं बाळंतपण, म्हणून नऊ दिवस. मधेच शेक मोडला की बाई जन्माची रोगी होते, हे गावात कुणी कुणाला शिकवत नाही. सगळ्यांना माहीत असतं.

"थंडी वाजतेय," दावोन म्हणाली.

"मग टाक की अजून चार," सासू जावयाला म्हणाली.

त्याने टाकले. त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. दावोनच्या कपाळावर मात्र एक थेंब नव्हता. तीन दिवसांपूर्वी तिची चटई पिळावी लागत होती.

"आई, हिला घाम येत नाहीये."

"यायचा तेवढा येऊन गेला. कोरडी झाली म्हणजे बरी झाली. पाच बाळंतपणं काढलीत मी या बाजेवर, पोरा."

तिने मुळ्यांचा काढा फुंकून दावोनच्या ओठांना लावला. दावोनने दोन घोट घेतले. तिसरा हनुवटीवरून खाली ओघळला. सासूने खांद्यावरच्या फडक्याने तो हळूच पुसला आणि फडकं घडी करून लेकीच्या मानेखाली सरकवलं.

दवाखान्यातून घरी निघताना नर्सबाईंनी सोमलितला बजावलं होतं. ताप आला तर वाट बघत बसू नका, लगेच घेऊन या. तो हो म्हणाला होता. निखाऱ्यांवर झोपलेल्या माणसाचा ताप कसा ओळखायचा, हे विचारायचं राहून गेलं होतं.

त्याने तिच्या कपाळाला हात लावला. कपाळ तापलेलं होतं. मग बाजेच्या बांबूला लावून पाहिला. बांबूही तापलेला होता.

"दवाखान्यात दाखवून आणू का?"

"दोनच दिवस राहिलेत," सासू टीव्हीकडे बघत म्हणाली. मग तिने मान वळवली. "मला काय माझी पोर जड झालीय?"

तो पुन्हा निखाऱ्यांना वारा घालू लागला.

बेडकी जागी झाली आणि रडायला लागली. दावोनने तिकडे पाहिलं नाही. सासूने बाळ उचलून तिच्या छातीशी धरलं. बाळाने तोंड लावलं आणि सोडून दिलं. पुन्हा लावलं, पुन्हा सोडलं.

"हट्टी आहे. बापावर गेलीय," सासू म्हणाली.

पडद्यावर लाल ओठवाली दारात येऊन उभी राहिली आणि वीज गेली. टीव्ही बंद झाला, पंखाही थांबला.

"नेमकी आत्ताच," सासू म्हणाली. शेजाऱ्यांकडेही गेली का बघायला ती बेडकीला खांद्याशी घेऊन जिना उतरली. खालून तिचं आणि शेजारणीचं बोलणं ऐकू येऊ लागलं. शेजारणीला मागच्या आठवड्यातली उशी माहीत नव्हती. सासू तिला पहिल्यापासून सांगत होती.

सोमलितने घमेलं ओढलं. बाजेखालचे निखारे त्यात भरले, सगळे. घमेलं मागच्या सज्जात नेऊन त्यावर पाणी ओतलं. आवाज मोठा झाला, पण खालचं बोलणं थांबलं नाही. मग तो परत येऊन बाजेजवळ बसला. बसून राहिला. मधून मधून बांबू चाचपून बघत होता.

बांबू गार लागला तेव्हा त्याने दावोनच्या तळपायाला हात लावला, आणि चटका बसल्यासारखा लगेच काढून घेतला.

"आई," त्याने खिडकीतून हाक मारली. "गाडी मिळते का बघा. कुणाचीही."

खालचं बोलणं थांबलं.

वीज अजून आलेली नव्हती. दावोन काळ्या पडद्याकडे एकटक बघत होती.

"हळू बोल रे," ती म्हणाली. "ती लाल ओठवाली काय म्हणतेय, ऐकू दे."